मुलींची रग्बी टीम सुरू केलीय, पहिली एक-दोन वर्षं कशी काढायची?

पीटीसर_वाळवा
नमस्कार मंडळी, मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये क्रीडा शिक्षक आहे. आमच्याकडे कबड्डी आधीपासूनच जोरात, त्यातल्याच आठवी-नववीच्या मुली घेऊन या जूनपासून रग्बी चालू केलंय. मुलींना जाम आवडलंय, सुट्टी झाली तरी मैदान सोडत नाहीत. पण घरचे म्हणतात हा कसला खेळ, हातपाय मोडला तर उद्या लग्नाला अडचण, आणि सोयाबीन काढायला आलं की अर्ध्या मुली रानात. वर हेडमास्तर विचारतात ट्रॉफी कधी येणार. आपल्या देशात ज्या पोरांच्या टीमा अशाच शून्यातून उभ्या राहिल्या त्यांची सुरुवातीची वर्षं कशी गेली, कोणाला माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा ना.

बोरीबंदर
सर, मुंबईतलंच उदाहरण घ्या. फॅशन स्ट्रीटसमोर बॉम्बे जिमखान्याचं मैदान आहे, तिथं पावसाळ्यात रग्बी चालतं. मॅथ्यू स्पेसी नावाचे एक ब्रिटिश गृहस्थ नोकरीनिमित्त मुंबईत होते आणि तिथं खेळायचे. समोरच्या फुटपाथवर राहणारी पोरं रोज प्रॅक्टिस बघत उभी राहायची, त्यांना त्यांनी आत बोलावलं. बस, सुरुवात एवढीच. त्यातूनच १९९९ मध्ये मॅजिक बस ही संस्था निघाली, नावातली बस खरीच होती, वस्तीतल्या पोरांना बसमध्ये घालून मुंबईबाहेर न्यायचे.

पण तुमच्या कामाची गोष्ट पुढचीच आहे. स्पेसींनी त्या मोठ्या पोरांना ओळखीपाळखीने नोकऱ्या लावून दिल्या आणि बऱ्याच जणांच्या त्या टिकल्या नाहीत. वेळेवर जायचं, वरच्याचं ऐकून घ्यायचं, उद्याचा विचार करायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं नसेल तर नुसती नोकरी देऊन भागत नाही हे तिथं लक्षात आलं, म्हणून मग संस्थेने लहान वयाच्या पोरांना धरलं आणि खेळाला शिकवायचं साधन केलं. मला विचाराल तर पहिल्या वर्षी तुमच्या मुली ठरलेल्या वेळी मैदानावर येतायत हीच कमाई आहे, हेडमास्तरांना हजेरीचं रजिस्टर दाखवा.

डुआर्स
बँकेच्या बदलीमुळे मी काही वर्षं सिलिगुडीला होतो म्हणून सांगतो. तिथून जवळच जलपाईगुडी जिल्ह्यात सरस्वतीपूर नावाचा चहाचा मळा आहे, बाजूला बैकुंठपूरचं जंगल, हत्तींचा वावर. २०१३ मध्ये कोलकात्याच्या जंगल क्रोज क्लबच्या लोकांनी तिथं मुलांना रग्बी शिकवायला सुरुवात केली. हा क्लबही मुळात असाच, २००४ च्या सुमाराला पॉल वॉल्श या ब्रिटिश अधिकाऱ्याने कोलकात्याच्या मैदानावर गरीब पोरं गोळा करून उभा केलेला, आणि त्यातलीच तयार झालेली पोरं पुढे कोच झाली.

सरस्वतीपूरला मुलींनी खेळ जास्त मनावर घेतला. घरोघरी आईबाप मळ्यावर मजुरीला, मुलींची लग्नं लवकर, म्हणजे तुम्ही म्हणताय तेच सगळं. तिथली संध्या राय पुढे भारताकडून खेळली आणि २०२१ मध्ये वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेने आशियातल्या ज्या खेळाडू, कार्यकर्त्या बायका प्रेरणादायी म्हणून निवडल्या त्यात तिचं नाव होतं! बिहारची स्वीटी कुमारी आणि ओडिशाची सुमित्रा नायक याही त्यात होत्या. २०१९ ला मनिलात भारताच्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं, १५ जणींच्या रग्बीतला आपला तो पहिला विजय. पालकांना हे मोबाईलवर दाखवा, आपल्यासारख्याच घरातल्या पोरी दिसल्या की आईचं मन लवकर वळतं हे मी तिकडे डोळ्याने बघितलंय.

स्क्रमहाफ_पुणे
मी स्वतः खेळलेय त्यामुळे मैदानातलं सांगते. सर, कबड्डीच्या मुली मिळाल्यात हे भाग्य समजा, भिडायची भीती त्यांची आधीच गेलेली असते. पण तीन सवयी लगेच मोडा नाहीतर कोणीतरी जखमी होईल. एक, डॅश, म्हणजे खांद्याने धडक. रग्बीत हात न गुंडाळता नुसता खांदा मारला तर फाऊल. दुसरं, कबड्डीत पकडलेली रेडर सोडायची नसते, इथं समोरची जमिनीवर पडली की लगेच सोडायचं. आणि खांद्याच्या वर पकड अजिबात नाही.

टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणारीला हातांनी धरून पाडणं, थेट पळत शिकवू नका. आधी गुडघ्यावर बसून, मग उभं राहून, मग चालत. डोकं कायम समोरचीच्या मागच्या बाजूला, पुढे कधीच नाही, हे रोज सांगायचं, कंटाळा येईपर्यंत सांगायचं. तुमच्याकडे तालीम असेलच, वस्तादांना विचारून तिथल्या लाल मातीत पाडापाडी शिकवा, मुरमाड मैदानावर नको. सुरुवातीचे काही महिने टॅग रग्बीच खेळवा, बेल्ट विकत घ्यायची गरज नाही, जुन्या साडीच्या पट्ट्या कमरेला खोचा, पट्टी ओढली की टॅकल झाला. पालकही ते बघून शांत होतात, मारामारी दिसत नाही ना. या वयाला बॉल ४ नंबरचा, ५ नंबर मोठ्यांचा. आणि डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी ती मुलगी परत मैदानात नाही, डॉक्टरकडे, मॅच कोणतीही असो.

पीटीसर_वाळवा
खूप आभार सगळ्यांचे. ताई, डॅशचं अगदी खरं, परवाच एकीने तसंच केलं. साडीच्या पट्ट्या उद्याच करतो. काढणीच्या दिवसांचं काय करावं?

स्क्रमहाफ_पुणे
सर त्या महिन्यात वेळ बदला, पहाटे घ्या, आणि सात जणींची टीम धरून चाला. सेव्हन्समध्ये सात-सात मिनिटांचे दोनच हाफ असतात, २०१६ पासून ऑलिम्पिकमध्येही तेच आहे. दहा-बारा मुली आल्या तरी प्रॅक्टिस नीट होते. आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन यंदाच्या शालेय स्पर्धेत रग्बी आहे का आणि क्रीडा गुण मिळतात का हे लेखी विचारून घ्या, दहावीच्या मुलींच्या घरी तो कागद दाखवायला लागेल.