गटार सफाई कामगारांवर पहिली डॉक्युमेंटरी : आधी काय घेऊ, काय टाळू?

इंदोऱ्याचा पोट्टा
नमस्कार मंडळी. नागपुरातल्या गटार सफाई कामगारांवर वीसेक मिनिटांची डॉक्युमेंटरी करायची आहे. पहिलीच. चांगला फोन, जुना लॅपटॉप, 15 हजार रुपये आणि मदतीला दोन मित्र एवढंच भांडवल. चार कामगार बोलायला तयार आहेत, पण ठेकेदाराकडे असल्यामुळे चेहरा दिसायला नको म्हणतात. शूटिंग मे महिन्यात. कॅमेरा भाड्यानं घेऊ का? चेहरा लपवायचा कसा?

आवाजवाला
कॅमेऱ्याचा नाद सोडा, पैसे आवाजावर घाला. तारेचे दोन कॉलर माइक हजार-दीड हजारात येतात. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, बोलणं कळलं नाही की उठून जातात.

मे महिन्यात नागपुरात मुलाखत घ्यायची म्हणजे खरी भानगड कूलरची. तो बंद केल्याशिवाय रेकॉर्डिंग नको. त्याची घरघर बोलण्याच्या आवाजात मिसळते आणि एडिटिंगमध्ये काढायला गेलं की माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. म्हणून मुलाखती सकाळी नऊच्या आत उरका, दर दहा मिनिटांनी थांबून कूलर लावा. शेवटी त्याच खोलीत कुणीही न बोलता एक मिनिट रेकॉर्ड करा. कट केलेल्या वाक्यांमधल्या फटी त्यानंच बुजतात.

फोनवर सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50, फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक. आपली वीज 50 हर्ट्झची, 30 फ्रेमवर ट्यूबलाइट लुकलुकू शकते. बरेच फोन फ्रेमचा वेग मधेच कमी-जास्त करतात. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर ओठ आणि शब्द हळूहळू फाटत जातात. फाइल आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमवर काढा, मगच एडिटिंगला घ्या. आणि उन्हात फोन तापून बंद पडतो, तेव्हा कव्हर काढूनच शूट करा.

पाचपावली एक्स्प्रेस
चेहऱ्याबद्दल. खिडकीसमोर बसवून काळी आकृती घेऊ नका. ब्राइटनेस वाढवला की त्यातून चेहरा वर येतो. ब्लरही अर्धवटच. वस्तीतली माणसं चेहऱ्याआधी आवाज, चाल, हातावरचं गोंदण, दाराचा रंग ओळखतात. शूट करतानाच फक्त हात किंवा पाय घ्या (गोंदण असेल तर तेही टाळून), मागे कोरी भिंत. त्यांचं बोलणं दुसऱ्या माणसाच्या आवाजात वाचून घ्या आणि पडद्यावर तसं लिहा. फोनचं लोकेशन बंद. मूळ फाइली पासवर्ड लावलेल्या दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत.

संमतिपत्र मराठीतून किंवा घरात जी भाषा चालते तीतून वाचून दाखवा. अमुक तारखेपर्यंत माघार घेता येईल, ही ओळ त्यात हवीच. तयार कट आधी त्या चौघांना दाखवा, मग जगाला.

अर्जदार
एक गोष्ट अजिबात नको: शॉटसाठी कुणाला चेंबरमध्ये उतरायला सांगणं. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे.

कागद जमवायला आत्ताच लागा. गटारात मृत्यू झाल्यास 10 लाख भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलं. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख झाली. मनपाकडे माहिती अधिकारात सफाईच्या ठेक्याचा करारनामा, सुरक्षा साधनांच्या खरेदीची बिलं आणि दिलेली भरपाई मागा. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, म्हणून तिन्हींचे अर्ज वेगवेगळे टाका. उत्तराची मुदत 30 दिवस. मेमध्ये शूटिंग तर अर्ज मार्चमध्येच हवेत. करारनाम्यात गमबूट आणि हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) लिहिलेले, आणि तुमच्या शॉटमध्ये पायात चप्पल. याच्यावर मागून निवेदकाच्या बोलण्याची गरजच पडत नाही.

इंदोऱ्याचा पोट्टा
मुलाखतीचे पैसे द्यायचे का?

आवाजवाला
नको. पैसे घेऊन बोलला म्हटलं की ठेकेदाराला आयतं कोलीत मिळतं.

पाचपावली एक्स्प्रेस
नाही पटत, भाऊ. रोजीवरचा माणूस तुमच्यासाठी अर्धा दिवस बसतो, तो फुकट कसा? बुडालेली रोजी द्या: चौघांना सारखी, आधी ठरवून, काय बोलला याच्याशी संबंध न ठेवता. श्रेयनामावलीत तसं लिहून टाका, मग कोलीत उरत नाही.

आणि प्रश्न 'तुम्हाला त्रास होतो का' असा नको, उत्तर 'हो' येऊन संपतं. 'काल सकाळी घरून निघाल्यापासून काय काय केलं' असं विचारा आणि गप्प बसा. हुंकारसुद्धा देऊ नका, तो माइकमध्ये येतो, मान हलवा.