एर्त्सगेबिर्गची लाकडी जनावरं: कडं यंत्राने कातलं तर ती कारागिरी राहते का?

खनिजवाट:
जर्मनी आणि चेकियाच्या सीमेवर एर्त्सगेबिर्ग, म्हणजे धातुकाचे डोंगर. तिथलं झायफेन हे गाव कथिलाचं. गावाचं नावच कथील धुऊन काढण्याच्या क्रियेवरून पडलेलं आहे. आज ते ओळखलं जातं लाकडी खेळण्यांसाठी, आणि त्यातही कड्याच्या कातकामासाठी.

स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या ओल्या ओंडक्याची आडवी चकती लेथवर चढवायची. एका बाजूने पाय आणि पोटाखालची पोकळी कातायची, मग चकती उलटून पाठ, मान, डोकं. हाती येतं ते एक कडं. ते केक कापावा तसं सुरीने फोडलं की प्रत्येक फोड म्हणजे गाय, घोडा किंवा हत्ती. एका कड्यातून पन्नास-साठ जनावरं निघतात. पुढे कडा तासणं, कान-शेपूट चिकटवणं, रंगवणं.

हे कातणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. माझं मत स्पष्ट आहे: कडं संगणकावर चालणाऱ्या लेथवर कातायला हरकत नसावी. फोडणं, तासणं, रंगवणं हाताने राहू द्या. मुळात ही युक्ती 1800च्या सुमारास निघाली तीच स्वस्तात भरपूर माल काढायला. पाण्याच्या चाकावर फिरणारा लेथ चालत होता, तर विजेवरचा आणि प्रोग्रॅमवरचा का नको?

ओलं_लाकूड:
पाण्याच्या चाकाने फक्त लाकूड फिरवलं. हत्यार कातारीच्याच हातात राहिलं. तुमच्या तुलनेत हा फरक सुटला आहे.

कातताना जनावर दिसत नाही. समोर असतात नुसत्या गोल खाचा आणि उंचवटे. आकार कळतो फोडल्यावरच. चकतीची जाडी म्हणजे जनावराची उंची, त्यामुळे लाकडाचे तंतू पायांत उभे येतात. पाय सहज मोडत नाहीत आणि फोड सरळ निघते, ती यामुळेच. पण हत्यार तंतूंच्या तोंडावर चालतं. धार बोथट असेल तर तंतू कापले न जाता दबतात आणि उपटले जातात. गाठ आली की तिथे जोर बदलावा लागतो. हे कातारीला आवाजावरून आणि हाताला बसणाऱ्या थरथरीवरून कळतं. ठरलेल्या वाटेने जाणारं पातं पुढेच जातं आणि गाठीशेजारी ढलपा उडतो.

चकती उलटताना केंद्र चुकलं तर डोकं एका रेषेत आणि पाय दुसऱ्या रेषेत, म्हणजे पूर्ण कडं वाया. हात त्याच चकतीवर थोडं सावरून घेऊ शकतो.

खनिजवाट:
केंद्राच्या बाबतीत यंत्रच जास्त भरवशाचं, हे मान्य करा. गाठींचं म्हणाल तर ओंडका निवडतानाच त्या टाळता येतात. हाताने कातणाराही तेच करतो.

शिवाय अवघड भाग कातण्यानंतरही उरतो. प्रत्येक फोड पाचरीसारखी असते. कड्याचा बाहेरचा व्यास 30 सेंमी, आतला 20 सेंमी आणि फोडी 60 धरल्या, तर बाहेरची जाडी साधारण 16 मिमी, आतली 10. त्या पाचरीतून डौलदार घोडा काढायचा, तर मान, बरगड्या, पायांमधली फट सगळं सुरीनेच येतं. खेळण्याचं रूप तिथे ठरतं.

कथीलगाव:
‘खाण संपली म्हणून लोक लाकडाकडे वळले’ ही गोष्ट या विषयात नेहमी येते, ती अर्धीच खरी आहे. झायफेनचा कातलेला माल 1699मध्ये हातगाडीवरून न्यूर्नबर्गला गेला होता, आणि कथिलाची खाण बंद पडली 1849मध्ये. दीडशे वर्षं दोन्ही धंदे शेजारी नांदले. धातुक कुटायच्या गिरण्यांचं पाणी आणि चाकंही पुढे लेथला आयती मिळाली. म्हणजे लोकांनी साधनं बदलली हे खनिजवाट यांचं म्हणणं इतिहासाला धरून आहे.

तरीही मी त्यांच्या विरुद्ध आहे, कारण शिकण्याचा प्रश्न राहतो. लाकडी खेळणी बनवण्याचं शिक्षण तिथे तीन वर्षांचं आहे. त्यानंतरही कड्याचं काम हाती बसायला रोज कातावं लागतं. रोजचा माल यंत्राकडे गेला की नवशिक्याला वाया घालवायला चकत्याच मिळणार नाहीत. प्रात्यक्षिकापुरतं कातून हात तयार होत नाही.

2019मध्ये हा प्रदेश जागतिक वारशात आला, 22 ठिकाणं, 17 जर्मनीत आणि 5 चेकियात. पण ती नोंद खाणकामाच्या भूप्रदेशाची आहे. तिच्या भरवशावर कातारी टिकणार नाही.

फिरता_लेथ:
व्यवहाराचं बोलू. ओली चकती थांबत नाही. स्प्रूस वर्षवलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्राकडे आकसतं. चकती वाळली की मध्यापासून भेग पडते. म्हणून लाकूड पाण्यात ठेवतात आणि कातल्यावर कडं लवकर फोडतात. कारखान्याला महिन्याचा साठा करून ठेवायचा असेल, तर ओल्या लाकडाची ही घाई यंत्रालाही चुकत नाही. एकाच आकाराचे हजारो नग हवे असतील तरच प्रोग्रॅम परवडेल. बायबलमधल्या नोहाच्या नौकेचा खेळण्यांचा संच करायचा तर पंचवीस जातींची थोडी थोडी जनावरं लागतात. तिथे हत्यार बदलून दुसरं कडं घेणारा हातच सोयीचा.

ओलं_लाकूड:
मग निदान खोक्यावर लिहा, ‘कडं हाताने कातलेलं’ की ‘कडं यंत्राने कातलेलं’. रंगवलेल्या गायीकडे पाहून गिऱ्हाइकाला ते कळायचा मार्ग नाही, आणि हाताच्या मालाला दोन पैसे जास्त द्यायची त्याची तयारी असते.

खनिजवाट:
हे मला मान्य. फक्त ‘रंग हाताने’ हेही त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा. रंगवणाऱ्यांचा हात लेबलावर कधीच दिसत नाही.