घरामागच्या अंगणात बसण्यासाठी टिकाऊ फरसबंदी करायची आहे, मार्गदर्शन हवे

परसदारी
नमस्कार. आमच्या घरामागे पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशी मोकळी जागा असून तिची लांब बाजू स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे. सहा वर्षांपूर्वी तेथे सिमेंटचा कोबा करून घेतला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याला मधोमध तडा गेला, पुढे भिंतीकडची बाजू हळूहळू खचली, आणि आता पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी भिंतीच्या पायथ्याशी बोटभर पाणी साचलेले असते. आतल्या बाजूने रंगाचे पापुद्रे सुटू लागले आहेत, त्यामुळे हा प्रश्न आता केवळ अंगणाच्या शोभेचा राहिलेला नाही. माती चिकण आहे. ओली असताना ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. कोब्यावरच वाळू पसरून पेव्हर ब्लॉक बसवून देतो, दोन दिवसांत काम होईल, असे एका गवंड्याने सांगितले आहे. हे योग्य आहे का? नसल्यास किती खोल खणावे, ढाळ किती ठेवावा, आणि ब्लॉकऐवजी पुन्हा काँक्रीटच करावे का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

ओळंबा
कोब्यावर ब्लॉक बसवू नका. खाली जे खचले आहे ते खचतच राहील, वरून गेलेले पाणी कोब्यावर अडून राहील, आणि अंगणाची पातळी नऊ-दहा सेंटीमीटरने वर येऊन भिंतीची ओल आणखी वाढेल.

भिंतीकडचीच बाजू का खचली, हे आधी समजून घेतले पाहिजे. घराचा पाया बांधताना चर खणतात आणि बांधकाम झाल्यावर तीच माती पुन्हा त्यात लोटतात. हा भराव थराथराने ठोकलेला क्वचितच असतो. तो वर्षानुवर्षे बसत जातो, आणि त्यात छपरावरच्या पन्हळीचे पाणी तेथेच पडत असेल तर अधिक वेगाने बसतो. तुमच्या पन्हळीचा पाइप कोठे सुटतो ते आजच पाहा. तो अंगणावर सुटत असेल तर बाकी कशालाही हात लावण्यापूर्वी ते पाणी वेगळ्या नळीने बाजूला काढा.

त्यानंतर पातळी ठरवायची. पूर्ण झालेली फरसबंदी जोत्यातील ओलरोधक थरापेक्षा (जमिनीतली ओल भिंतीत वर चढू न देणारा थर) किमान 15 सेंटीमीटर खाली असावी, कारण जमिनीवर आपटून उडणारे पावसाचे पाणी भिंतीवर साधारण तेवढे वर चढते. भिंतीपासून दूर जाताना 60 ला 1 असा ढाळ ठेवा, म्हणजे तुमच्या चार मीटर रुंदीत पलीकडची कड सुमारे 7 सेंटीमीटर खाली येईल. ही पातळी डोळ्यांनी ठरवू नये. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांच्या खुंट्यांवर खूण करावी आणि दोरी ताणावी. कोपरे काटकोनात आहेत की नाही, हे एका बाजूवर 3 मीटर आणि दुसऱ्या बाजूवर 4 मीटर मोजून पाहावे; त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर 5 मीटर भरले पाहिजे.

खोदाईचा हिशेब वरून खाली करायचा. माणसांच्या वावरासाठी 60 मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पुरतो. त्याखाली 30 मिलिमीटर जाड वाळू आणि चिकण मातीमुळे 150 मिलिमीटर दाबलेली खडी धरली, तर 240 मिलिमीटर होतात. ही खोली ताणलेल्या दोरीपासून मोजावी, म्हणजे ढाळ अगदी तळाच्या मातीपासूनच मिळतो. पुष्कळ ठिकाणी तळ सपाट ठेवून वाळूच्या कमीजास्त थराने ढाळ देतात, आणि तेथेच काम बिघडते, कारण जाड वाळू जास्त बसते आणि पातळ वाळू कमी बसते.

तळाची माती ठोकून झाल्यावर तिच्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. त्यामुळे पावसाळ्यात मऊ झालेली चिकण माती खडीत शिरत नाही आणि खडीही मातीत रुतत नाही. खडी एकाच मापाची नको; मोठ्या खड्यांपासून बारीक कचेपर्यंत सर्व मापांचे मिश्रण हवे, म्हणजे ते एकमेकांच्या फटी भरून घट्ट बसते. ती एका वेळी 75 मिलिमीटर पसरून, किंचित ओलसर करून, प्लेट कॉम्पॅक्टरने (सपाट पत्र्याने थरथरत दाबणारे यंत्र) प्रत्येक थरावर तीन-चार फेऱ्या माराव्यात. शेवटी बुटाची टाच जोरात दाबून पाहा. टाच उमटली तर दाबणे अपुरे आहे. मग बादलीभर पाणी वरच्या बाजूने सोडा आणि ते कोठे थबकते याकडे नीट लक्ष द्या. जेथे डबके राहील तेथे खडीनेच दुरुस्ती करायची, वाळूने नव्हे. या एका दिवसाच्या मेहनतीवर पुढची वीस वर्षे अवलंबून असतात, असे मी अत्यंत गांभीर्याने सांगतो, कारण नंतर उघडून पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक बिघडलेल्या अंगणात दोष वरच्या ब्लॉकांत नव्हे, या थरात होता.

रानजाई
ओळंबा यांच्या मताशी मी सहमत आहे. फक्त कडांविषयी माझा अनुभव जोडते. आमच्याकडे मधली फरसबंदी उत्तम झाली होती, पण तिसऱ्या वर्षी बागेकडची ओळ बाहेर सरकू लागली आणि सांधे बोट जाईल इतके रुंद झाले. एक ब्लॉक उचलून पाहिला तेव्हा त्याच्या मागच्या अर्ध्याखाली वाळू शाबूत होती, त्यावर ब्लॉकच्या तळाचा ठसाही स्पष्ट होता, आणि पुढच्या अर्ध्याखाली मूठ मावेल एवढी पोकळी होती. खडीचा थर ब्लॉकच्या रेषेवरच संपवलेला होता आणि कडेला नुसता सिमेंटचा ओघळ लावला होता. तो ओघळ तडकल्यावर वाळूला वाट मिळाली.

शेवटी कडेच्या तीन ओळी काढून पुन्हा काम करावे लागले. या वेळी खडी ब्लॉकच्या बाहेर 15 सेंटीमीटर वाढवली, तिच्यावर काँक्रीटमध्ये पक्क्या बसवलेल्या कडेच्या विटा लावल्या आणि त्यांना बाहेरून काँक्रीटचा तिरपा आधार दिला. हा आधार ब्लॉकच्या माथ्यापेक्षा खाली ठेवल्यास त्यावर माती घालून गवत लावता येते. मोठे झाड जवळ असल्यास त्याची मुळे तोडून जागा करू नका. फरसबंदीच थोडी आखडती घ्या. मुळे तोडलेले झाड वादळात धोक्याचे ठरते, आणि उरलेली मुळे ब्लॉक उचलतात ते वेगळेच.

सांधेजोड
काँक्रीटविषयी येथे पूर्वग्रह होऊ नये म्हणून लिहितो. मधोमध गेलेला तडा हा काँक्रीटचा दोष नसून सांधे न ठेवल्याचा परिणाम असावा. काँक्रीट वाळताना आकसते आणि पाच मीटर लांबीत त्याला मोकळीक मिळाली नाही की ते स्वतःच तडकून ती करून घेते. 100 मिलिमीटर जाड काँक्रीट केले तर दर अडीच ते तीन मीटरवर, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका खोल काप द्यावा लागतो. तुमच्या जागेत अडीच मीटर बाय दोन मीटरचे चार चौकोन नेमके बसतात. भिंतीलगत काँक्रीट थेट चिकटवू नये, मध्ये लवचीक पट्टी ठेवावी, आणि किमान सात दिवस ते ओले राखावे.

असे असले तरी तुमच्या बाबतीत माझाही कौल ब्लॉकनाच आहे. ओली झाल्यावर फुगणाऱ्या आणि सुकल्यावर आकसणाऱ्या मातीवर थोडीफार हालचाल होणारच. ब्लॉक ती सांध्यांमध्ये वाटून घेतात, आणि पुढे कधी खालची सांडपाण्याची नळी दुरुस्त करायची झाली तर तेच ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात.

परसदारी
आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पाहून आलो, पन्हळीचा पाइप खरोखरच कोब्याच्या खचलेल्या कोपऱ्यातच सुटतो, आणि इतकी वर्षे माझ्या हे लक्षात आले नव्हते. दोन शंका उरल्या आहेत. फोडलेल्या कोब्याचे तुकडे खाली भरावात वापरता येतील का? आणि शेजाऱ्यांच्या नव्या ब्लॉकांवर काही आठवड्यांत पांढरी भुकटी आली आहे, ती कशामुळे?

ओळंबा
हाताने फोडलेली ढेकळे खाली घालू नका. त्यांच्यामधल्या पोकळ्या कॉम्पॅक्टरने भरत नाहीत आणि पुढे वरची खडी त्यांत उतरत जाते. यंत्रात बारीक करून चाळलेले जुने काँक्रीट मात्र चांगले चालते.

पांढरी भुकटी म्हणजे सिमेंटमधला चुना होय. ब्लॉकमधील ओलाव्याबरोबर तो वर येतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पृष्ठभागावर बसतो. त्याने ब्लॉकच्या मजबुतीला धोका नाही. कोरड्या ताठ ब्रशने घासावे. बहुधा काही महिन्यांत पावसाने ती आपोआप जाते. तीव्र आम्लाने धुण्याचा सल्ला कोणी दिला तरी घाई करू नका, त्याने रंग आणि वरचा थर दोन्ही जातात.

सामानाचा अंदाज देतो. तीन बाजूंना 15 सेंटीमीटर वाढीव धरल्यास सुमारे 22 चौरस मीटर क्षेत्र होते. दाबलेली खडी 3.3 घनमीटर लागेल, म्हणून सुटी खडी साधारण 4 घनमीटर मागवा. खोदलेली माती 5 घनमीटरांपेक्षा थोडी जास्त निघेल आणि सुटी झाल्यावर फुगून सहा-सात घनमीटर होईल. ती कोठे टाकायची हे खोदाईच्या आधी ठरवा. वाळू जाड आणि धुतलेली घ्या, दगडाची बारीक भुकटी नको, कारण ती पाणी धरून ठेवते. दोन सारखे पाइप ठेवून त्यांवरून सरळ फळी ओढल्यास थर एकसारखा येतो. त्यानंतर त्या वाळूवर पाय देऊ नये, बसवलेल्या ब्लॉकांवर उभे राहून पुढे सरकावे. ब्लॉकांमध्ये दोन ते पाच मिलिमीटरचे सांधे ठेवून त्यांत अगदी कोरडी बारीक वाळू झाडूने भरा, कॉम्पॅक्टरखाली रबराची चटई लावून फिरवा, आणि पुन्हा भरा. पहिल्या जोरदार पावसानंतर सांधे थोडे खाली बसलेले दिसतील, तेव्हा आणखी एकदा वाळू घालायला विसरू नका.