इलेक्ट्रॉनिक लॉक पहिल्यांदाच सर्टिफिकेशनला पाठवतोय, लॅबला देण्याआधी आपण काय काय तपासून घ्यावं?

कडीकोयंडा:
नमस्कार मंडळी, आमची पाच जणांची टीम आहे, बॅटरीवर चालणारं दाराचं लॉक बनवलंय. कार्ड आणि पिन दोन्हीवर उघडतं, आत मोटर बोल्ट पुढेमागे करते, चार एए सेल. पुढच्या महिन्यात यूएल २९४ (प्रवेश नियंत्रणाच्या उपकरणांचं अमेरिकन स्टँडर्ड) साठी सॅम्पल द्यायचेत आणि मागोमाग फायर डोअरचं रेटिंगही हवंय. आम्ही स्वतः एक रिग बनवून त्यावर लॉक १ लाख वेळा उघडबंद केलं, एकदाही अडकलं नाही, त्यामुळे निर्धास्त होतो. पण परवा तेच लॉक खऱ्या दाराला बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी बोल्ट अर्ध्यात थांबला, लाइट लुकलुकला आणि सगळं रिसेट. काढून परत रिगवर लावलं की मस्त चालतं! काहीच कळेना झालंय. लॅबमध्ये एकदा नापास झालो तर परत नंबर लागायला वेळ जातो, पैसे जातात ते वेगळेच. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा, कुठे चुकतंय आणि पाठवण्याआधी अजून काय बघू? आणि एक, फायर डोअर म्हणजे वीज गेली की लॉक उघडलंच पाहिजे ना, म्हणजे फेल-सेफ?

सोलेनॉइड:
अशा टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या रिगवर बोल्ट हवेत फिरतोय. खऱ्या दाराला रबराची पट्टी असते, ती दार बाहेर ढकलते, बिजागऱ्या थोड्या खाली बसलेल्या असतात, त्यामुळे बोल्ट चौकटीतल्या धातूच्या पट्टीला घासत जातो आणि मोटरला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. मोटर अडली की करंट एकदम चढतो. आणि मला जवळजवळ खात्री आहे की रिगला तुम्ही टेबलावरचा पॉवर सप्लाय लावलाय, सेल नाही, बरोबर? सप्लाय तो करंट हसत देतो, पण अर्धा वापरलेला सेल देऊ शकत नाही कारण त्याचा आतला रोध वाढलेला असतो, व्होल्टेज खाली बसतं आणि प्रोसेसर रिसेट होतो. थंडीत हे अजून वाईट होतं. सेल काढून साध्या मीटरने मोजले तर ठीकच दिसतील, त्यावर जाऊ नका, मोटर फिरत असताना ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचे क्षणिक चढउतार दाखवणारं यंत्र) बघा.

म्हणून एंड्युरन्स टेस्ट, म्हणजे लॉक हजारो वेळा उघडबंद करून बघायची टेस्ट, परत करा आणि दारावर बाजूने वजन लटकवून करा. ईएन १४८४६ हे युरोपातलं स्टँडर्ड, इलेक्ट्रिकवर चालणाऱ्या लॉकचं, त्यात तर दारावर बाजूचा दाब असताना लॉक चालतं का हे वेगळं बघतात, हे उगाच नाही.

आता यूएल २९४ बद्दल. बरेच लोक "आमचं लॉक लेव्हल ४ आहे" असं म्हणतात, तशी एकच लेव्हल नसतेच. चार गोष्टींना वेगवेगळी लेव्हल मिळते: तोडफोड, वायरिंगची सुरक्षा, एंड्युरन्स आणि स्टँडबाय पॉवर (मुख्य वीज गेल्यावर किती वेळ चालतं ते). एंड्युरन्सला लेव्हल १ म्हणजे १,००० सायकल (एकदा उघडून बंद म्हणजे एक सायकल), मग २५,०००, ५०,००० आणि लेव्हल ४ ला १,००,०००. स्टँडबायला लेव्हल २ अर्धा तास, ३ ला दोन तास, ४ ला चार तास. तुम्ही कुठे किती मागताय ते आधीच ठरवा, सगळीकडे वरची लेव्हल मागून स्वतःला अडकवू नका. तापमानाचंही तसंच, घराच्या आत म्हणून लिहिलंत तर ० ते ४९ अंश, बाहेरच्या वापरासाठी उणे ३५ ते ६६. एए अल्कलाइन सेलवर उणे ३५ ला मोटर फिरवायची असेल तर त्याचा आत्ताच विचार करा.

तारजोड:
मी बसवणारा माणूस, लॅबमध्ये कधी गेलो नाही पण फायर डोअरचं सांगतो कारण हा गैरसमज सारखा दिसतो. फायर डोअरला उलट पाहिजे! आगीच्या वेळी दार लॅचमध्ये (दार चौकटीला पकडून ठेवणारी खिटी) घट्ट राहिलं पाहिजे, नाहीतर आतला दाब दार ढकलतो आणि धूर-आग जिन्यात. वीज गेली आणि लॅचच सुटला तर ते दार काय कामाचं? मग माणसं बाहेर कशी येणार, तर आतल्या हँडलने. ते हँडल थेट यांत्रिकच हवं, सेल संपले, बोर्ड जळालं, फर्मवेअर (लॉकच्या आतलं सॉफ्टवेअर) अडकलं तरी एकदा खाली दाबलं की दार उघडलं पाहिजे. बाहेरून उघडणं आणि आतून बाहेर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे आतलं हँडल मोटरला सिग्नल देतं का? देत असेल तर लॅबला जायच्या आधी डिझाइन बदला, मनापासून सांगतोय. मॅगलॉकची (विजेच्या चुंबकाने दार धरून ठेवणारं लॉक) गोष्ट वेगळी, तो वीज गेली की सुटतोच, म्हणून मी तिथे बाहेर पडायचं बटण थेट मॅगलॉकच्या पॉवरमध्ये टाकतो, नुसतं कंट्रोलरच्या इनपुटवर कधीच सोडत नाही.

सोलेनॉइड:
तारजोड यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. फायर टेस्ट लॉकची एकट्याची होत नाही, दार, चौकट, बिजागरी आणि लॉक सगळं एकत्र भट्टीच्या तोंडाशी लावतात. आयएसओ ८३४ च्या वक्राप्रमाणे तासाभरात भट्टी ९४५ अंशांवर जाते. तिथे तुमचं बोर्ड, सेल, प्लास्टिक सगळं जाणारच, त्याची चिंता करू नका, लॅच मात्र स्टीलचा हवा आणि पकडून राहायला हवा. खरा घोटाळा होतो तो वायरसाठी दारात पाडलेल्या भोकात, तिथून ज्वाळा पलीकडे येतात. भोक जितकं लहान ठेवता येईल तितकं ठेवा. आणि लाकडी दारावर पास झालात म्हणून स्टीलच्या दारावर आपोआप चालत नाही, तुम्हाला कुठल्या दारांवर विकायचंय ते लॅबला आधी सांगा.

कुलूपबंद:
सिक्युरिटीच्या बाजूने दोन गोष्टी. एक म्हणजे हँडल बोल्टशी जोडणारा क्लच सोलेनॉइडवर (वीज मिळाली की आतला दांडा, म्हणजे प्लंजर, ओढणारी कॉइल) असेल तर मोठा मॅग्नेट बाहेरून फिरवून बघा आणि रबरी हातोडीने हँडलजवळ ठोकून बघा, प्लंजर क्षणभर उडतो आणि दार उघडतं, मी स्वतः बघितलंय. दुसरी म्हणजे कार्ड कुठलं वापरताय? मायफेअर क्लासिक (जुन्या प्रकारचं संपर्कविरहित कार्ड) असेल तर आजच सोडा, त्यातलं क्रिप्टो-१ हे एन्क्रिप्शन २००८ सालीच उघडं पडलं, कार्डाची नक्कल सहज होते. वर यूएलचा मार्क असला तरी कार्ड ते कार्डच राहतं. पुढे वायरवाला रीडर काढणार असाल तर रीडर आणि कंट्रोलरमधली जुनी वीगँड जोडणी नको, त्यात कार्डाचा नंबर उघडाच जातो, ओएसडीपी ही नवी पद्धत घ्या आणि तिचं सिक्युअर चॅनल (एन्क्रिप्ट केलेली जोडणी) चालूच ठेवा. आणि सगळ्या लॉकना फॅक्टरीतून एकच मास्टर पिन देऊ नका प्लीज.

कडीकोयंडा:
सगळ्यांचे खूप आभार, इतक्या आपुलकीने लिहिलंत. सोलेनॉइड, तुमचा अंदाज अचूक, रिग सप्लायवरच होती. आज दोन महिने वापरलेले सेल टाकून दाराला कुशन लावून दाबलं, बोल्ट अडला तेव्हा व्होल्टेज ४.९ वरून २.८ वर आलं, प्रोसेसरला ३.३ लागतात, म्हणजे तिथेच मरतोय. आतलं हँडल यांत्रिकच आहे, तेवढं बरं. कार्ड मात्र क्लासिकच आहे, ते बदलतोय. एकच विचारायचं राहिलं, सॅम्पल दिल्यावर मधेच मोटर बदलली तर चालेल का? दुसरा सप्लायर चांगली देतोय.

सोलेनॉइड:
नाही. सर्टिफिकेट तुम्ही दिलेल्या त्याच मोटरला, त्याच बोर्डाला आणि त्याच गिअरला मिळतं. नंतर बदलायची असेल तर आधी त्यांना कळवावं लागतं, कधी कागदावर भागतं, कधी परत टेस्ट. आणि पुढे फॅक्टरीत न सांगता तपासणीला येतात तेव्हा हेच भाग यादीशी ताडून बघतात. त्यामुळे मोटर आत्ताच बदला, नवीन मोटरवर दाबाखाली निदान २५,००० सायकल जुन्या सेलवर काढा आणि मगच सॅम्पल द्या. एक महिना उशीर झाला तरी चालेल. आणि त्या रिसेटचं फर्मवेअरमध्येही बघा, पॉवर परत आली की बोल्ट कुठे आहे ते सेन्सरवरून वाचून घ्या, आठवणीतल्या स्थितीवर विश्वास ठेवू नका, नाहीतर दार उघडं असताना लॉक "बंद" दाखवत बसेल.