एकाच सुरुवातीचे इंग्रजी शब्द मुलांना कसे शिकवता? बडोदेकरांचे अनुभव

घरी मराठी, बाहेर गुजराती आणि वहीत इंग्रजी, अशी आपल्या मुलांची गत. उपसर्गांवरून शब्दार्थ शिकवणाऱ्यांनी आपली रीत लिहावी. नुसत्या याद्या नकोत, मुलं कुठे अडतात तेही सांगा.

दांडिया बाजार, शिकवणी वर्ग
'इन'पासून सुरुवात करा. प, ब, म यांच्याआधी त्याचा 'इम' होतो (इम्पॉसिबल), लच्या आधी 'इल' (इल्लीगल), रच्या आधी 'इर' (इर्रेग्युलर). हे चार वेगळे उपसर्ग म्हणून पाठ करून घेऊ नका. फळ्यावर उत् + लेख = उल्लेख लिहा; संस्कृत घेतलेल्या मुलांना तो व्यंजनसंधी ओळखीचाच असतो.

खरा घोळ पुढे होतो. 'इन' दिसला की मुलं डोळे मिटून नकार लावतात. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे चटकन पेट घेणारं, कारण तो 'इन्फ्लेम' या क्रियापदापासून आला आहे. 'इनव्हॅल्युएबल'मध्ये नकार आहे, पण किमतीला नाही, किंमत करण्याला: अमूल्य. उत्तरपत्रिकेत हमखास 'कवडीमोल' येतं. म्हणून प्रत्येक गटात असे एक-दोन फसवे शब्द मुद्दाम घालावेत आणि प्रत्येकाचं वाक्य करून घ्यावं.

सयाजीगंज, नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवते
हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. आपले 'उपरि' आणि 'उप' यांचे हे ग्रीक भाऊबंद, एवढं सांगितलं की डोक्यात बसतं. मधुमेही रुग्णाची साखर 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली गेली की हायपोग्लायसेमिया. उच्चार इतके जवळचे आहेत की तोंडी निरोपात 'साखर कमी' किंवा 'साखर जास्त' हे शब्द जोडलेच पाहिजेत. उपचार अगदी उलटे आहेत.

मांजलपूर
ग्रीक 'अ/अन्' आपल्यासारखाच चालतो. व्यंजनाआधी अ (अज्ञान, एसिमेट्री), स्वराआधी अन् (अनावश्यक, अॅनएरोबिक). तसंच ग्रीक 'पेरि' आणि आपला 'परि': पेरिमीटर आणि परिमिती शेजारी लिहून दाखवा.

रावपुरा, कागदपत्रांचे अनुवाद
'अँटे' म्हणजे आधी, 'अँटी' म्हणजे विरुद्ध. अँटेनेटल तपासणी ही प्रसूतीपूर्व. अपवाद 'अँटिसिपेट': त्यातला अँटी मुळात 'अँटे'च आहे.

बायअॅन्युअल वर्षातून दोनदा, बायएनियल दोन वर्षांतून एकदा. 'बायवीकली' मात्र आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, अशा दोन्ही अर्थांनी वापरतात. करारात तो शब्द आला तर लिहिणाऱ्याला विचारून घ्या आणि अनुवादात 'दर पंधरवड्याला' किंवा 'आठवड्यातून दोनदा' असं स्पष्ट लिहा.