मदत हवी आहे: त्रिनिदादी दालपुरी लाटताना फुटते, आणि कलालूने घसा खवखवतो

मंडळी, टोरांटोत राहते, इथे स्कारबरोत त्रिनिदादी (कॅरिबियन बेटावरच्या) रोटीची दुकानं आहेत आणि घरात सगळ्यांना दालपुरीची, म्हणजे डाळ भरलेल्या रोटीची, चटक लागलीये, दर वेळी विकत कुठे आणणार म्हणून घरी करायला घेतली. पुरणपोळी बरी जमते मला, पण ही लाटायला घेतली की कडेने डाळ बाहेर येते ती येतेच. शेजारच्या त्रिनिदादी काकूंना विचारलं तर सगळं अंदाजपंचे, "पीठ मऊ मळ, बास"!

पिवळी वाटाणा डाळ हळद घालून शिजवते, निथळून लसूण, भाजलेलं जिरं, मिरची घालून मिक्सरला फिरवते. मैद्यात थोडी बेकिंग पावडर. कुकरला लावली तर डाळीचा गाळ होतो, पातेल्यात शिजवली तर कणी राहते आणि तीच कणी पोळी फाडते. हरभरा डाळ चालेल का? उंडा भरल्यावर लगेच लाटायचा का?

दुसरं, कलालू, म्हणजे त्यांचं अळूचं फदफदं. अळू, भेंडी, नारळाचं दूध, वर अख्खी स्कॉच बॉनेट ही जहाल मिरची, ती फुटू द्यायची नाही, इथवर ठीक. पण घसा खवखवला. आपण फदफद्यात चिंच तरी घालतो, यात आंबट काहीच नाही, मग ते लोक खातात कसं?

प्रतिसाद १: कुकर नकोच गं. डाळ बोटाने दाबली की मोडावी पण अख्खी दिसावी, मग ताटात पसरून पार गार आणि कोरडी होऊ दे, ओली वाटलीस की गोळाच होणार. पुरणयंत्रातून काढ, भुरभुरीत पडते. उंडे भरून तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेव, लाटताना जोर नको. हरभरा डाळ बिनधास्त घे, १८४५ पासून त्रिनिदादला गेलेले गिरमिटिये (करारावर नेलेले भारतीय मजूर) बहुतेक भोजपुरी मुलखातले, आणि बिहारात दालपुरी अजून हरभरा डाळीचीच करतात.

प्रतिसाद २: अळू कोवळं घ्या, शिरा सोला, मंद आचेवर तासभर तरी शिजवा आणि मगच घोटा. नेटवर वेळ बघताना रेसिपी जमैकाची नाही ना तेवढं बघा, तिकडचं कलालू म्हणजे माठाची भाजी, ती पटकन शिजते, अळू नाही.

धन्यवाद दोघांनाही! शनिवारी परत करते. पण पुरणयंत्र आईकडे पुण्यात राहिलंय, साध्या पिठाच्या चाळणीतून घासून काढली डाळ तर चालेल का?