जुन्या गाडीचं मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर बदलताना : तुमचे अनुभव लिहा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अँबेसेडरचं मूळ इनलेट मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्या) उतरवलं आणि तिथे एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं, दोन कार्ब्युरेटरवालं (कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) बसवलं. दोन दिवसांचं काम म्हणून हात घातला, गाडी रस्त्यावर आली ती संक्रांत उलटून गेल्यावर. मधल्या काळात जे शिकलो ते मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये एका जागी सापडलं नाही. थोडं एका फिटरकडे मिळालं, थोडं दुसऱ्याकडे, बाकीचं गाडीनेच शिकवलं. म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी ज्यांनी हे काम केलंय त्यांनी लिहा. गाडी कोणती, काय काढलं, काय घातलं, कुठे अडलं, आज पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल. फसलेलं काम असेल तर ते आधी लिहा, त्याचा उपयोग जास्त.

पहिला अनुभव माझाच.

कोल्हापूर, अँबेसेडर १९७९

इंजिन १४८९ सीसीचं, मूळ ब्रिटिश बीएमसी कंपनीचं 'बी सिरीज'. तिकडच्या मॉरिस ऑक्सफर्डमधलं ते इंजिन आपल्याकडे आलं, आणि त्याच घराण्यातलं १७९८ सीसीचं इंजिन तिकडे एमजीबीत बसलं. दोघांच्या हेडची (सिलिंडरवरच्या भागाची) ठेवण एकच. हवा घ्यायला दोनच तोंडं, एकेका तोंडावर दोन सिलिंडर, आणि एक्झॉस्टला तीन तोंडं. त्यामुळे एमजीबीचं मॅनिफोल्ड आपल्या हेडवर बसतं. इंग्लंडहून येणाऱ्या मावसभावाने ते आणि एसयू कंपनीच्या दीड इंची कार्ब्युरेटरची जोडी बॅगेत घालून आणली. कस्टमवाल्याला समजावताना त्याची तारांबळ उडाली ती वेगळीच.

बसलं, गाडी सुरूही झाली. पण स्लो (पाय काढल्यावरची रेस) काही केल्या पंधराशे आरपीएमच्या खाली येईना. ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके, आणि प्लग काढून बघावेत तर पांढरेफटक. मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे एवढं कळत होतं, म्हणून मी जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राच्या) नटाशी झटत बसलो. तीन आठवडे! नटाची एक चपटी बाजू खाली, दोन बाजू खाली, सुया बदल, पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी उद्यमनगरातले एक वयस्कर फिटर घरी आले. कार्ब्युरेटरकडे त्यांनी बघितलंही नाही. इंजिन चालू ठेवून तेलाच्या बुधलीने मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर चार थेंब सोडले. मागच्या तोंडापाशी तेल क्षणात आत ओढलं गेलं, रेस झपकन खाली आली आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला. "भिंतीला भगदाड आहे आणि तू नळ पिळत बसलायस," एवढंच म्हणाले.

कारण असं. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, शेजारी शेजारी. मधल्या स्टडवर एकच जाड वायसर असतो, तो अर्धा इनलेटच्या कानावर (आवळण्यासाठी बाहेर आलेल्या भागावर) आणि अर्धा एक्झॉस्टच्या कानावर बसतो. एक नट दोघांना दाबतो. माझं एक्झॉस्ट जुनं, अँबेसेडरचं, आणि इनलेट नवं, एमजीबीचं. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला तर कानांच्या जाडीत सव्वा मिलिमीटरचा फरक. नट कितीही आवळा, वायसर तिरका होऊन जाड कानावरच टेकणार. पातळ बाजू घट्ट दिसते, पण दाबली जातच नाही.

दोन्ही मॅनिफोल्ड एका जाड प्लेटवर हेडवर बसतात तशी आवळली आणि मिलिंगवर दोघांचे कान एका पातळीत घेतले. मग समोरचे फेसही एकत्रच, अगदी हलका हात फिरवून. नवं पॅकिंग घातलं आणि गाडी पहिल्या सेल्फला नऊशेवर स्थिर.

पुढचं ट्यूनिंग आनंदाचं. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडचा 'स्सss' एकसारखा ऐकू येईपर्यंत थ्रॉटलचे (हवेच्या झडपेचे) स्क्रू फिरवायचे. मग पिस्टन उचलायची पिन हलकेच, अर्ध्या सुताहूनही (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी, वर करायची. रेस वाढून वाढलेलीच राहिली तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसायला लागलं तर लीन, क्षणभर वाढून जागेवर आलं तर बरोबर. एसयूइतका मोकळेपणाने बोलणारा कार्ब्युरेटर मी दुसरा पाहिला नाही.

आंबा घाट आता तिसऱ्यात चढतो. ॲव्हरेज मात्र दीड किलोमीटरने घटलं. हेही सांगायला हवं.

गिरगाव, प्रीमियर पद्मिनी

वडिलांनी आयुष्यभर टॅक्सी चालवली. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नव्हते. आमच्याकडे आहे ती खाजगी पासिंगची, त्यांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली.

ॲव्हरेजसाठी आम्ही तिच्यावर मारुती ८००चा कार्बोरेटर बसवला होता. ८००चं इंजिन ७९६ सीसी, आमचं १०८९. खालचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मधे ॲल्युमिनियमची प्लेट कापून घेतली. एका मेकॅनिकने केली, दोन तासांत. त्याने कार्बोरेटर आडवा बसवला कारण लिव्हर तसा सोपा येत होता. तिथेच घोळ झाला. फ्लोटची टाकी (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) बाजूला गेली. केम्प्स कॉर्नरच्या वळणावर गाडी एका अंगावर गेली की पेट्रोल जेटपासून लांब पळायचं, इंजिन दचकायचं. उलट्या वळणावर ओव्हरफ्लो. शहरात ॲव्हरेज खरंच वाढलं, पण कसारा घाटात चार माणसं घेऊन ती अक्षरशः रडली. लहान इंजिनासाठी बनवलेला गळा, त्यातून मोठ्या इंजिनाला पुरेसा श्वास मिळणार कुठून?

शेवटी वडिलांनी जुना, सोलेक्स कंपनीचा मूळ कार्बोरेटर शोधून काढला. थ्रॉटलची दांडी धरून हलवली तर ती भोकात वरखाली नाचत होती. चाळीस वर्षांची झीज. तिथूनच फुकटची हवा आत जात होती आणि आम्ही म्हणत होतो कार्बोरेटर गेला. लेथवर भोक मोठं करून पितळेचे बुश बसवले, दांडी नवीन केली. मूळ कार्बोरेटर, मूळ मॅनिफोल्ड, आणि गाडी पूर्वीसारखी. नवीन काही घेण्याआधी दांडी हलवून बघा, एवढंच माझं मागणं.

सातारा, महिंद्रा जीप

आमच्या हरिकेन इंजिनात मॅनिफोल्ड बदलायचा प्रश्नच नाही. इनलेटचा मार्ग हेडमध्येच ओतलेला, कार्ब्युरेटर थेट हेडवर. इनलेट व्हॉल्व्ह वर, एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. म्हणून तर त्या जीपचं बॉनेट इतकं उंच.

फक्त कार्ब्युरेटर बदलला तरी एक गोष्ट तपासा : रिटर्न स्प्रिंग. माझ्या नव्या कार्ब्युरेटरचा लिव्हर जुन्यापेक्षा लांब होता, जुनी स्प्रिंग पुरी पडली नाही. मेढ्याच्या उतारावर पाय काढला तरी रेस तशीच. क्लच दाबून किल्ली बंद केली म्हणून वाचलो. आता दोन स्प्रिंग लावल्यात, एक तुटली तर दुसरी आहे.

नागपूर, अँबेसेडर १९८४

सासऱ्यांची गाडी, आता मी चालवते आणि मीच सांभाळते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. ज्या इंजिनात कार्ब्युरेटरच्या खालीच एक्झॉस्ट आहे तिथे काय होतं ते इकडच्या लोकांना सांगायला नको. बाजारात दहा मिनिटं गाडी उभी केली की खालच्या आचेने फ्लोटमधलं पेट्रोल उकळतं, मॅनिफोल्डमध्ये सांडतं, आणि सेल्फ मारमारून बॅटरी बसते. सासरे इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे. फडकं वाळलं की पुन्हा बाटलीतलं पाणी.

मी कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधे दोन सुतांचा बेकेलाइटचा तुकडा घातला, वर-खाली पॅकिंग, आणि एक्झॉस्टच्या वर पातळ पत्र्याचा आडोसा. फरक पहिल्याच दिवशी कळला. पण कार्ब्युरेटर दोन सूत वर गेला म्हणजे बाकीचं सगळंही वर गेलं. ॲक्सिलरेटरची दांडी आखूड पडली, आटे कापून वाढवावी लागली. एअर फिल्टरचं डबडं बॉनेटला आतून घासू लागलं. बॉनेट बंद करण्याआधी फिल्टरवर ओल्या मातीचा गोळा ठेवून अंतर मोजा, मी रंग गेल्यावर मोजलं.

आणखी एक. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊ लागल्यापासून जुनी रबरं टिकत नाहीत. माझ्या पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा) फुगून मऊ पडला होता. कार्ब्युरेटर उघडलाच आहे तर नळ्या, डायफ्रॅम, ओ-रिंग सगळं इथेनॉलला चालेल असं घाला. इथेनॉल आपल्यासोबत ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून तेच जेट आता थोडं लीन चालतं. मी एक नंबर मोठं घातलं.

सध्या अडचण अशी की बेकेलाइट आवळताना मॅनिफोल्डवरच्या एका स्टडचे आटे गेले. ॲल्युमिनियम ते, जुनं झालंय. हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) घालायला कुणी नीट माणूस मिळेना.

न्यू जर्सी, शेव्हर्ले नोव्हा १९७२

मूळचा चिंचवडचा. इथे आल्यावर घेतलेली ही पहिली हौस. ३५० क्युबिक इंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८. दोन बॅरलचा (हवेचे दोन गळे असलेला) रोचेस्टर कार्ब्युरेटर आणि बिडाचं मॅनिफोल्ड काढून एडलब्रॉक कंपनीचं ॲल्युमिनियमचं मॅनिफोल्ड आणि चार बॅरलचा कार्ब्युरेटर घातला.

आकाराबद्दल आधी. दुकानदार ७५० सीएफएमचा (सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा) गळ्यात मारत होता. हिशेब साधा आहे : इंजिनाचे क्युबिक इंच गुणिले जास्तीत जास्त आरपीएम, भागिले ३४५६. ३५० आणि ५५०० घेतले तर ५५७ येतात. रस्त्यावरचं इंजिन त्याच्या साधारण ८५ टक्केच हवा घेतं, म्हणजे ४७३. मी ६०० घेतला आणि तोही भरपूर आहे. गळा गरजेपेक्षा मोठा असला की कमी रेसवर हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फुटत नाही, सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते.

व्ही-८मध्ये मॅनिफोल्ड हे दोन रांगांमधल्या दरीवरचं झाकण असतं. खाली कॅमशाफ्ट, लिफ्टर, सगळं उघडं. पुढच्या टोकातून कूलंट जातं. मी रेडिएटर रिकामा केला, पण ब्लॉकमधलं राहिलंच, आणि मॅनिफोल्ड उचलताना अर्धा ग्लास हिरवं पाणी दरीत पडलं. तेल बदलावंच लागलं. तोंडांमध्ये चिंध्या कोंबा, पण मोजून. मी आठ कोंबल्या, आठ काढल्या, आणि आकडा खडूने फेंडरवर लिहून ठेवला होता.

बसवताना टोकांची कॉर्कची पॅकिंग सरकतात. ती फेकून दिली आणि दोन्ही टोकांना सिलिकॉनची जाड रेघ ओढली. बोल्ट मधून सुरू करून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळले. माझी चूक डिस्ट्रिब्युटरची (प्लगना वीज वाटणाऱ्या भागाची). शेव्हर्लेत तो मॅनिफोल्डमधूनच खाली जातो, त्यामुळे आधी काढावा लागतो. रोटरची खूण केली होती, पण परत बसवताना दात तिरपे असल्याने रोटर फिरत फिरत खाली जातो हे विसरलो. एक दात चुकला. सेल्फ मारला तशी कार्ब्युरेटरच्या तोंडातून हातभर ज्वाळ. बायको अग्निशामक घेऊन शेजारीच उभी होती, तिचाच आग्रह होता तो. भुवया गेल्या, बाकी काही नाही. हे काम करताना अग्निशामक हाताशी ठेवा, आणि एअर फिल्टर नसताना तोंड कधीही वर आणू नका.

फोंडा, गोवा

पहिल्या अनुभवाला एक जोड. एसयूच्या वरच्या पितळी टोपीखाली जे तेल असतं ते पातळच हवं, वीस ग्रेडचं. मी गिअरचं तेल घातलेलं. पिस्टन वर यायला वेळ लावायचा, पाय दाबला की गाडी आधी गुदमरायची, काळा धूर काढायची आणि मग निघायची. महिनाभर मी इग्निशन तपासत होतो.

पुन्हा कोल्हापूर

नागपूरच्या ताईंसाठी. माझं उतरवलेलं मॅनिफोल्ड गोणपाटात गुंडाळून माळ्यावर पडलंय. आत्ताच खाली काढून काचेवर पट्टी लावून बघितलं, फेस सरळ आहे आणि कार्ब्युरेटरचे चारही आटे शाबूत आहेत. तुमच्या हेडला ते जसंच्या तसं बसेल, फक्त तुमच्या एक्झॉस्टच्या कानांची जाडी मोजून मला कळवा. फरक असला तर इथेच मिलिंगला देतो. पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला नागपुरात येणार आहे, डिकीत घालून आणतो. पैसे नकोत. तुमचं जुनं मात्र मला द्या, उद्यमनगरात हेलिकॉइल घालून घेतो, पुढे कुणाला तरी लागेलच.